शिळेवरचे नाव आणि पाटीवरचा आकडा

पारनेरहून पुण्यास आपण नाना कामांसाठी जातो. पण खडकीच्या युद्धस्मशानभूमीत पाऊल टाकण्याचे कारण सहसा पडत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही युनियनचे चौघेजण तेथे गेलो. पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या, दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या कबरी तेथे एकत्र आहेत. अधिकारी असो वा साधा शिपाई, शिळा एकाच मापाची! १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचे हे तत्त्व पाहून आम्हां कामगारांस बरे वाटले.

पण शिळांवरील नावे बहुतेक परदेशी. आमच्यातील एकाने विचारले, "आणि आपली माणसे?" हिंदू सैनिकास अग्नी देत, तेव्हा त्याची कबर नसणार, हे उघड आहे. परंतु नावाचे काय?

पहिल्या महायुद्धात पुण्याच्या ६ व्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी इराकात गेल्या. कूत येथे त्या वेढ्यात सापडल्या. उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती आली, आणि पुढे कैदेत कितीतरी मेले. त्या आघाडीचे स्मारक १९२९ साली बसऱ्यास उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा! समतेचे तत्त्व समुद्र ओलांडताना बुडाले म्हणावयाचे. २०२१ साली त्याच आयोगाने चौकशीअंती कबूल केले की, ४५,००० ते ५४,००० मृतांना असा दुजाभाव मिळाला; त्याबद्दल त्याने क्षमाही मागितली.

कोणी म्हणेल, ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचे आपणांस काय? दुष्काळी मुलखातील माणूस पोटासाठी गिरणीत गेला, तसाच पोटासाठी पलटणीत गेला. गिरणीत त्याला बिल्ल्याचा नंबर असे. पण अपघातात तो मेला तर भरपाईच्या अर्जावर नंबराने भागत नसे, नाव लागे. ज्याचे नाव नाही, त्याचे देणेही कोणी लागत नाही, हे आम्ही युनियनच्या कामात शिकलो.

आपल्या मुलखात कित्येक गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत: येथून इतके गेले, इतके मेले. तेथेही आकडाच. मात्र घरच्या जुन्या पेटीत त्या लढाईचे चांदीचे पदक असेल, तर त्याची कड उजेडात धरून पाहा. तेथे शिपायाचे नाव कोरलेले असते. ते उतरवून घ्या आणि गावच्या पाटीखाली लावा. राहिलेली हजेरी आता आपणच भरली पाहिजे.