प्रगतिपुस्तकावर सही कोणाची?

प्रगतिपुस्तकावर आईबापांची सही आणावयास सांगणे आम्हां शिक्षकांच्या अंगवळणी पडले आहे. मूल महाविद्यालयात गेले म्हणजे काय? अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल कायद्याने लागला, आणि तो मोठ्या चमत्कारिक रीतीने लागला.

तेथील महाविद्यालये पूर्वी स्वतःस आईबापांच्या ठिकाणी मानीत. केंटकीतील बेरिया महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना बाहेरच्या खाणावळीत जाण्यास मनाई केली, तेव्हा खाणावळवाल्याने फिर्याद गुदरली. १९१३ साली न्यायालयाने महाविद्यालयाचा हा पालकाधिकार मान्य केला. गुणपत्रिकाही घरी जात.

पुढे अलाबामातील काही कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६० साली माँटगोमरीच्या न्यायमंदिरातील, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. त्यांना त्यांचे म्हणणे न ऐकताच महाविद्यालयातून काढण्यात आले. असे करता येणार नाही, आधी आरोप कळवून बाजू मांडू दिली पाहिजे, असा निवाडा १९६१ साली झाला. १९७१ साली तर अठराव्या वर्षी मतदानाचा हक्कच मिळाला.

आता खरी गंमत पाहा. १९७४ साली सिनेटर जेम्स बक्ली यांनी जो कायदा आणला, तो आईबापांच्याच कैवाराने! शाळा मुलांविषयी शेरे लिहून ठेवीत, ते त्रयस्थांच्या हाती पडत. आईबापांना मात्र दाखवीत नसत. बक्लींच्या कायद्याने त्यांना ते पाहण्याचा व चुकीच्या नोंदीस हरकत घेण्याचा हक्क दिला. परंतु त्यातच असे कलम होते की, मूल अठरा वर्षांचे झाले किंवा महाविद्यालयात दाखल झाले की हा हक्क त्याच्याकडे जावा. शुल्क भरणाऱ्या बापाने चौकशी केली, तर ‘मुलालाच विचारा’ असे उत्तर मिळू लागले.

वास्तविक कायदा इतका कठोर नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने मूल आईबापांवर अवलंबून असेल, तर महाविद्यालय त्यांना नोंदी दाखवू शकते. अर्थात दाखवलेच पाहिजे असे नाही. जिवास धोका असल्यास कळविता येते. एकवीस वर्षांखालील विद्यार्थ्याने मद्याचे अगर मादक द्रव्यांचे नियम मोडल्यास तेही सांगण्याची मुभा १९९८ साली मिळाली. पण कारकुनाला गप्प राहणेच सोयीचे! १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांचे प्राण घेतले. त्याच्या मानसिक व्यथेची माहिती अनेकांकडे तुटकतुटक होती; कायद्याविषयीच्या गैरसमजामुळे ती एकत्र आली नाही, असे चौकशीत दिसले. २००८ साली नियम अधिक स्पष्ट करण्यात आले.

आपल्याकडून, इंदूर-बडोद्याहून मुले तिकडे जातात, त्यांच्या आईबापांना प्राप्तिकराची वाट सहसा उपयोगी पडत नाही, कारण ते अमेरिकेत कर भरीत नाहीत. त्यांना बहुधा एकच मार्ग उरतो: मुलाची लेखी संमती. कोणत्या नोंदी, कशासाठी आणि कोणाला दाखवावयाच्या, हे त्यात नमूद करून खाली तारीख घालावी लागते, आणि सही मुलाने करावयाची असते.