बॉब फाल्फा

बॉब फाल्फा : जॉर्ज लुकस दिग्दर्शित ‘अमेरिकन ग्राफिटी’ (१९७३) या अमेरिकन चित्रपटातील एक दुय्यम पात्र. ही भूमिका हॅरिसन फोर्ड (जन्म १३ जुलै १९४२, शिकागो) याने केली. हान सोलो आणि इंडियाना जोन्स म्हणून पुढे जगभर ओळखला गेलेला हा नट तेव्हा सुतारकाम करून संसार चालवत होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव बरेच खाली येते आणि पडद्यावर तो मोजक्याच प्रसंगांत दिसतो. फोर्डच्या चरित्रात या भूमिकेची बोळवण सहसा एका वाक्यात होते. ते अन्यायाचे आहे, कारण फाल्फा काढून टाकला तर या चित्रपटाचा शेवटच उभा राहत नाही.

चित्रपटाचे कथानक १९६२च्या उन्हाळ्याअखेरच्या एका रात्रीत घडते. स्थळ कॅलिफोर्नियातील मोडेस्टो, म्हणजे लुकसचे जन्मगाव. नुकतीच शाळा संपवलेली मुले संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गावच्या मुख्य रस्त्यावर गाड्यांच्या येरझारा घालतात, खिडकीतून मुलींशी बोलतात, ड्राइव्ह-इन हॉटेलात गाडीतच बसून खातात, आणि प्रत्येक गाडीत एकच रेडिओ केंद्र लागलेले असते. सकाळी दोन मित्र दूरच्या कॉलेजात जायला निघायचे आहेत. जावे की राहावे, या घालमेलीवर सगळा चित्रपट तोललेला आहे. लुकस स्वतः याच रस्त्यावर गाडी पळवत वाढला. जून १९६२ मध्ये, शाळा संपता संपता, त्याला मोटारीचा जीवघेणा अपघात झाला आणि शर्यतींत उतरण्याचे त्याचे स्वप्न तिथेच थांबले. चित्रपट आला तेव्हा त्या काळाला जेमतेम अकरा वर्षे झाली होती. एवढ्या जवळच्या काळाबद्दल हुरहुर वाटावी हे आज नवलाचे वाटेल; पण मधल्या वर्षांत केनेडींची हत्या आणि व्हिएतनामचे युद्ध होऊन गेले होते, आणि अमेरिकन प्रेक्षकाला १९६२ हे साल खरोखरच फार मागे पडल्यासारखे वाटत होते.

पैसा बेताचा होता. लुकसचा आधीचा चित्रपट ‘टीएचएक्स ११३८’ (१९७१) पडला होता. त्यात ग्लोरिया कॅट्झ आणि विलर्ड हाइक यांच्यासह लिहिलेल्या या नव्या पटकथेला धड नायक नव्हता, चार कथा एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक प्रसंगामागे गाणे वाजत होते. युनायटेड आर्टिस्ट्सने अंग काढून घेतले. युनिव्हर्सल कंपनी तयार झाली ती ‘गॉडफादर’मुळे नाव झालेला फ्रान्सिस फोर्ड कोपोला निर्माता म्हणून उभा राहिला तेव्हा. अंदाजपत्रक पावणेआठ लाख डॉलरच्या आसपास होते, आणि त्यातले सुमारे नव्वद हजार जुन्या गाण्यांचे हक्क घेण्यातच गेले. चित्रीकरण २६ जून १९७२ रोजी सॅन राफेल येथे सुरू झाले. तिथली परवानगी लगेच रद्द झाल्यामुळे सारा लवाजमा पेटालुमाला हलवावा लागला, आणि ४ ऑगस्टला काम आटोपले. रात्री नऊच्या सुमारास कॅमेरा सुरू व्हायचा आणि उजाडेपर्यंत चालायचा. फिल्म वाचावी म्हणून टेक्निस्कोप ही स्वस्त पद्धत वापरली. तिच्यात एका चौकटीला नेहमीच्या निम्मीच फिल्म लागते, चित्र मात्र थोडे दाणेदार उमटते. प्रकाशयोजनेसाठी आलेला नामवंत छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर दिवसा लॉस एंजेलिसमध्ये जाहिरातींचे काम करी आणि रात्री विमानाने चित्रीकरणाला येई. दुकानांच्या निऑन पाट्यांचा उजेड गाड्यांच्या काचांवरून आणि टपांवरून घरंगळत जातो, तो परिणाम अशा तुटपुंज्या साधनांतून आलेला आहे.

या कामाआधी फोर्डच्या वाट्याला आलेली वर्षे कोणत्याही नटाचा धीर सुटावा अशीच होती. १९६४ मध्ये तो कॅलिफोर्नियात आला. कोलंबिया कंपनीने नवोदितांच्या योजनेत त्याला आठवड्याला दीडशे डॉलरवर घेतले. ‘डेड हीट ऑन अ मेरी-गो-राउंड’ (१९६६) मध्ये तो हॉटेलातला निरोप्या झाला आणि पडद्यावर काही क्षण दिसला, नाव न लागता. मूकपटांच्या काळात हॅरिसन फोर्ड नावाचाच दुसरा नट होऊन गेला होता, म्हणून काही ठिकाणी त्याला नावात निरर्थक ‘जे’ घालावा लागला. नंतर युनिव्हर्सलचा करार झाला आणि ‘गनस्मोक’, ‘आयर्नसाइड’ यांसारख्या दूरचित्रवाणी मालिकांत किरकोळ कामे मिळत गेली. तोवर दोन मुलगे झाले होते. हाती येईल ते काम करण्यापेक्षा तो ग्रंथालयातून पुस्तके आणून सुतारकाम शिकला. ब्राझिलियन संगीतकार सर्जिओ मेंडिस याच्यासाठी ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आणि लेखिका जोन डिडियन हिच्या घरचे काम ही त्याची त्या काळातली नावाजलेली कामे. करवतीच्या या मिळकतीमुळे त्याला वाईट भूमिका नाकारणे परवडू लागले. त्याच्या पुढच्या वाटचालीत ही गोष्ट फार मोलाची ठरली, असे मला वाटते. गरजेपोटी वाटेल ते काम करणारा नट फाल्फापर्यंत पोचलाच नसता.

पात्रनिवड फ्रेड रूस पाहत होता आणि तो फोर्डच्या ओळखीचा होता. लुकसला नामांकित चेहरे नको होते. रिचर्ड ड्रायफस, पॉल ल मॅट, सिंडी विल्यम्स, कँडी क्लार्क, चार्ल्स मार्टिन स्मिथ या साऱ्यांना त्या वेळी कोणी फारसे ओळखत नव्हते. घरोघरी माहीत असलेला चेहरा एकच, बालनट म्हणून वाढलेला रॉन हॉवर्ड. फोर्डला प्रथम आठवड्याला ४८५ डॉलर देऊ केले, सुतारकामात त्याहून जास्त सुटतात म्हणून त्याने नकार दिला, आणि अखेर ५०० वर सौदा ठरला, अशी हकिगत सांगितली जाते. त्याने आणखी एक अट घातली : केस कापणार नाही. १९६२च्या तरुणाला बारीक केस हवेत, हे दिग्दर्शकाचे म्हणणे कथेच्या दृष्टीने रास्तच होते. पण काही दिवसांच्या कामासाठी केस गेले तर पुढची कामे जातील, ही नटाची चिंताही खरी होती. तोड फोर्डनेच सुचवली. पात्राच्या डोक्यावर काउबॉय टोपी चढवली, केस टोपीखाली गेले आणि फाल्फाला त्याचे रूप मिळाले. त्या गावातली दुसरी मुले आपल्या टोळीच्या जाकिटांत किंवा चौकटीच्या शर्टांत वावरतात. टोपीवाला हा एकटा लगेच उपरा वाटतो. चित्रीकरण चालू असतानाच, १३ जुलैला, फोर्डने तिशी गाठली. रॉन हॉवर्ड तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि दिग्दर्शक अठ्ठावीस.

कथेत फाल्फाचे काम एका ओळीत सांगता येते. जॉन मिलनर हा गावातला सगळ्यात वेगवान गाडीवाला, त्याला हरवायला तो आला आहे. मिलनरकडे १९३२ची पिवळी फोर्ड कूपे आहे. फाल्फाकडे काळी १९५५ची शेव्हरोले. रात्रभर तो मिलनरला हुडकत फिरतो, सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाड्यांतल्या पोरांकडे त्याची चौकशी करतो. दोघे समोरासमोर येतात तो प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. मिलनरच्या शेजारी कॅरल ही बारा-तेरा वर्षांची मुलगी नाइलाजाने गळ्यात पडलेली, त्यामुळे तो आधीच अवघडलेला. शेजारच्या गाडीतून फाल्फा त्याच्या गाडीच्या रंगाची खिल्ली उडवतो आणि त्या मुलीवरून त्याला डिवचतो. फोर्ड इथे आवाज चढवत नाही. शब्द ओढून, सावकाश बोलतो, ओठाच्या कोपऱ्यात हसतो. समोरचा चिडेल याची त्याला खात्री आहे आणि घाई अजिबात नाही. खलनायकी थाट न आणता माणूस असह्य कसा करावा, याचा हा छोटा पण अचूक नमुना आहे.

कॉलेजला निघालेल्या दोघांपैकी एक स्टीव्ह; त्याच्याशी भांडलेली त्याची प्रेयसी लॉरी रागाच्या भरात फाल्फाच्या गाडीत जाऊन बसते, आणि पहाटे गावाबाहेरच्या पॅराडाइज रोडवर शर्यत लागते. तिचे चित्रीकरण पेटालुमाजवळच्या फ्रेट्स रोडवर झाले. शर्यत काही सेकंदांतच संपते : फाल्फाच्या गाडीचे टायर फुटते, गाडी रस्त्याबाहेर जाऊन उलटते आणि पेट घेते. दोघे त्याआधी बाहेर पडलेले असतात. लॉरी स्टीव्हला बिलगते आणि तो गाव सोडणार नाही हे तिथेच ठरते. मिलनरचा मित्र टेरी त्याचा जयजयकार करू लागतो, तेव्हा मिलनर खरे काय ते सांगून टाकतो : टायर फुटले नसते तर आपण हरलोच होतो, तो पुढे निघाला होता. टेरीला ते ऐकायचेच नसते.

फाल्फाचे महत्त्व या कबुलीत आहे. चित्रपटातले बाकी सारे जण काहीतरी मागे सोडत आहेत किंवा सोडायला घाबरत आहेत. गाव, शाळा, प्रेम, मैत्री यांत त्यांचा जीव अडकलेला आहे. फाल्फाचा कशातच जीव अडकलेला नाही. तो कुठून आला हे कोणी सांगत नाही. त्याला घर नाही, मित्र नाही, निरोप घ्यायला कोणी नाही. आठवणींनी ओथंबलेल्या या चित्रपटात आठवण नसलेला तो एकटाच माणूस, आणि मिलनरचे राज्य संपत आल्याची खबर त्याच्याच गाडीतून येते. शेवटी पडद्यावर चौघा मित्रांचे पुढे काय झाले हे अक्षरांत येते. १९६४ मध्ये मिलनर एका दारुड्या चालकामुळे मेला हे त्यातले पहिले वाक्य. फाल्फाचा उल्लेख तिथे नाही. लुकसने तो मुद्दाम टाळला की ओघाने राहिला, हे महत्त्वाचे नाही; त्या पात्राला तेच शोभते.

या भूमिकेचा एक तुकडा मूळ प्रदर्शनात प्रेक्षकांनी पाहिलाच नाही. गाडीत शेजारी बसलेल्या रुसलेल्या लॉरीला हसवण्यासाठी फाल्फा ‘साउथ पॅसिफिक’ या संगीतिकेतले ‘सम एन्चान्टेड इव्हनिंग’ हे गाणे नाटकी ढंगात गातो. युनिव्हर्सलने चित्रपटातून चार-साडेचार मिनिटे कापायला लावली, त्यात हा प्रसंग गेला. ‘स्टार वॉर्स’च्या यशानंतर, १९७८ मध्ये, चित्रपट पुन्हा लावताना तो परत जोडला. ही कात्री लुकसच्या मनाला फार लागली होती. माझ्या मते गाण्याने फाल्फाचे थोडे नुकसानही होते : तो जरा लाघवी वाटू लागतो आणि त्याचा कोरडेपणा उणावतो. पण हान सोलोत पुढे दिसलेली मिस्कील बाजू फोर्डकडे आधीपासून होती, याचा पुरावा या अर्ध्या-कच्च्या गाण्यात सापडतो.

फाल्फाची काळी शेव्हरोलेही एक जुनी नटीच म्हणायची : माँटी हेलमनच्या ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ (१९७१) मध्ये करड्या रंगात धावलेली गाडी काळी रंगवून इथे आणली. उलटण्याच्या दृश्यासाठी दुसरी गाडी वापरली.

जानेवारी १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या खासगी खेळाला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, तरी युनिव्हर्सलचा अधिकारी नेड टॅनन नाखूश होता. चित्रपट आपण इथल्या इथे विकत घेतो, असे कोपोलाने त्याला सुनावले. ऑगस्टमध्ये तो प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षांत अमेरिकेतच त्याने अकरा कोटी डॉलरवर कमाई केली. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ऑस्करची पाच नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. ड्रायफस, हॉवर्ड, क्लार्क यांना या यशाचा थेट लाभ झाला. फोर्ड मात्र पुन्हा करवतीकडे वळला. मधे कोपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) मध्ये थंड डोळ्यांच्या सहायकाची छोटी भूमिका मिळाली, तरी त्यावर घर चालण्यासारखे नव्हते. लुकसला ‘स्टार वॉर्स’साठी ‘ग्राफिटी’तले नट पुन्हा घ्यायचे नव्हते. कोपोलाच्या कार्यालयात दाराचे काम करत असलेल्या फोर्डला आधी बोलावले ते इतर उमेदवारांसमोर संवाद वाचण्यापुरते. वाचता वाचता भूमिका त्याची झाली. वेगवान वाहनाचा माज आणि समोरच्याला डिवचत बोलणे या दोन्ही गोष्टी लुकसने त्याच्यात आधी फाल्फाच्या रूपात पाहिल्या होत्या.

‘मोअर अमेरिकन ग्राफिटी’ (१९७९) या उत्तरार्धात फाल्फा पुन्हा येतो. आता तो सॅन फ्रान्सिस्कोचा मोटारसायकलवरचा पोलीस आहे आणि पहिल्या चित्रपटातल्याच डेबीच्या हिप्पी मित्राला गांजा बाळगल्याबद्दल पकडतो. तोवर फोर्ड जगप्रसिद्ध झाला होता. या वेळी मात्र श्रेयनामावलीत त्याचे नावच नाही.