देवळालीचे अंकोपासक

संख्याशास्त्राचें नांव निघतांच गटिंगेन, केंब्रिज यांसारखीं विद्यापीठें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या शास्त्राचा एक थोर उपासक नाशिकजवळ देवळालीच्या शाळेंत मुलांना शिकवीत होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे ते गृहस्थ होत.

त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा नाद असल्यामुळें आंकडेमोड घरांतच होती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असतांना १९२७ सालीं कापरेकरांनीं रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळविलें. १९२९ सालीं पदवी घेतली. त्यापुढील शिक्षण मात्र घडलें नाहीं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते शिक्षकच राहिले, आणि पुष्कळसें संशोधन त्यांनीं लहान लहान पुस्तिकांतून स्वतःच छापलें.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध कोणासही घरीं पडताळतां येईल. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठ्या संख्येंतून लहान वजा करा, आणि उत्तरावर तीच क्रिया करीत राहा. कापरेकरांचें जन्मवर्षच घेऊं. ९५१० मधून ०१५९ वजा जातां ९३५१ उरतात. पुढें क्रमानें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. त्यानंतर कितीही वेळां वजाबाकी करा, ६१७४ च येणार. सातांहून अधिक खेपा कधींच लागत नाहींत. १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं हा शोध मांडला.

यावर आक्षेप असा, कीं ही किमया दशमान लेखनाची. संख्येच्या अंतरंगाशीं तिचा संबंध नाहीं. आक्षेप निराधार नव्हे. दहाऐवजीं दुसरा पाया घेतला, तर ६१७४ चें माहात्म्य लोपतें. परंतु मूळ प्रश्न उरतोच, कीं अशी क्रिया कोठें स्थिरावते आणि कोठें चक्रांत फिरत राहते? दोन अंकी संख्या घेतल्यास दशमानांतही ती ९, ८१, ६३, २७, ४५ अशी फिरत राहते.

त्यांच्या 'स्वयंभू' संख्यांचेंही तसेंच. २१ मध्यें तिचे अंक २ व १ मिळविले कीं २४ होतात. पण २० ही कोणत्याही संख्येपासून अशी जन्मत नाहीं, म्हणून ती स्वयंभू.

१९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकन मासिकांतील आपल्या सदरांत त्यांचा परिचय करून दिला, तेव्हां हें नांव जगभर पोंचलें. १९८६ सालीं कापरेकर निवर्तले. मोठी पदवी नसली तर विद्वत्सभेचें दार उशिरा उघडतें हें खरें. पण प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं, हें देवळालीच्या या शिक्षकानें सिद्ध केलें.