उदगीरची लढाई, आठ रंगांत

२००५ साली मी लातुरात अकरावीला होतो. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीनं मराठवाड्यातल्या गावागावांतून पोरं तिथं येत, तसा मी नांदेडहून आलो होतो. सकाळी शिकवणी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. मधल्या तासाभरात आम्ही सायबर कॅफेत घुसायचो. तासाला २० रुपये. भारनियमनाचं वेळापत्रक ज्याला पाठ, त्यालाच पुरता तास मिळायचा. बहुतेक पोरं ‘व्हाइस सिटी’त गाड्या पळवायची. आम्ही तिघं-चौघं ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ लावून बसायचो. नांदेडात अब्बांना वाटायचं, मुलगा फिजिक्स करतोय.

हा गेम १९९९चा. अमेरिकेतल्या एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीनं बनवला, मायक्रोसॉफ्टनं विकला. आमच्यापर्यंत अर्थातच कॉपी सीडीतून आला. त्यात १३ संस्कृती होत्या. ब्रिटन, फ्रँक, गॉथ, व्हायकिंग, चिनी, जपानी, मंगोल वगैरे. पुढच्या वर्षी ‘द कॉन्करर्स’मध्ये आणखी ५ आल्या. या १८ जणांत हिंदुस्थान नव्हता. मुसलमान मात्र होते : तुर्क, इराणी आणि ‘सारासेन’.

सारासेन म्हणजे कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हा शब्द कोणत्याही मुसलमानानं स्वतःसाठी वापरलेला नाही. रोमन लोक वाळवंटातल्या अरबांना तसं म्हणत. नंतर युरोपनं तो सरसकट सगळ्या मुसलमानांना चिकटवला. गेममध्ये सलाहुद्दीन अय्युबीची सहा लढायांची मोहीम आहे. जन्मानं कुर्द असलेला हा माणूस तिथं सारासेन. एका लढाईचं नावच ‘जिहाद!’, उद्गारचिन्हासकट. ‘कॉन्करर्स’मध्ये सारासेनांना जे खास तंत्र दिलं, त्याचं नाव ‘झेलॉट्री’, म्हणजे धर्मवेड. ते घेतलं की त्यांच्या उंटस्वारांची ताकद वाढते.

तरीही ती मोहीम मी किती वेळा खेळलो याचा हिशोब नाही. सगळी गोष्ट सांगणारा निवेदक युरोपातला एक कैदी सरदार आहे. सुरुवातीला तो या लोकांना रानटी समजतो आणि हळूहळू त्याचं मत पालटत जातं. ज्या काळात सिनेमात दाढीवाला दिसला की स्फोट होणार हे ठरलेलं असे, त्या काळात पडद्यावरचा नायक सलाहुद्दीन होता आणि त्याला चालवणारा माउस माझ्या हातात होता. सोळा वर्षांच्या पोराला आणखी काय हवं?

पण खरी मजा मोहिमेत नव्हती. गेममध्ये ‘सिनॅरिओ एडिटर’ नावाची सोय होती. त्यात आपला नकाशा आपणच रचायचा : जमीन, पाणी, तटबंदी, फौजा. आमच्यातला एक जण उदगीरचा. तो म्हणाला, जेरुसलेम खूप झालं, आता आपला किल्ला बांधू. मी नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा आग्रह धरला, कारण हाजी सय्याह सरवरांच्या उरुसाला जाताना तो पाण्यानं भरलेला खंदक मी लहानपणापासून पाहिला होता. शेवटी उदगीर ठरलं. उदगीरला लढाई होती.

फेब्रुवारी १७६०. एका बाजूला सदाशिवरावभाऊ, दुसऱ्या बाजूला सलाबतजंग आणि निजामअली. उदगीर-औसा परिसरात निजामाची फौज कोंडीत सापडली आणि दौलताबाद, असीरगड, विजापूर यांच्यासह मोठा मुलूख देऊन तह करावा लागला. वर्षभरातच पानिपत झालं, म्हणून उदगीर पुस्तकात दोन ओळींत संपतं.

एडिटरमध्ये जास्तीत जास्त ८ खेळाडू, ८ रंग. प्रत्येक रंगाला एकच संस्कृती. मराठे तर यादीतच नव्हते. हलक्या घोडदळामुळे त्यांना आम्ही ‘मंगोल’ केलं. निजामाला ‘तुर्क’ केलं, त्याचे पूर्वज मध्य आशियातले होते म्हणून. काळाचा घोळ होताच. मध्ययुगाच्या गेममध्ये अठरावं शतक कोंबत होतो, पण तेवढं चालायचं. ‘निजाम कोण खेळणार’ हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही हिरवा रंग घेतला. त्याचं वाईट वाटलं होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

पहिल्याच डावात मी जिंकलो. गेममध्ये तुर्कांच्या तोफा इतरांपेक्षा दणकट असतात. उदगीरचा मित्र वैतागला. ‘असं कसं? तोफा तर भाऊंच्या चांगल्या होत्या. गारदी कुठं गेला?’

इब्राहिमखान गारदी. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला, आधी निजामाच्या चाकरीत आणि मग पेशव्यांच्या. उदगीरला निजामावर तोफा डागल्या त्या यानं. पानिपतात तो भाऊंसोबत राहिला, अब्दालीच्या हाती सापडला आणि मारला गेला. गेमच्या हिशोबात तोफेचं कसब रक्तात असतं : तुर्क म्हणजे तोफा, मंगोल म्हणजे घोडे. इतिहासात ते पगारावर, तालमीवर आणि दिल्या शब्दावर चाललेलं दिसतं. उदगीरनंतर तीन वर्षांनी गोदाकाठी राक्षसभुवनला निजामाचा दिवाण लढता लढता पडला, त्याचं नाव विठ्ठल सुंदर. आता याला कोणता रंग द्यायचा?

मी तोडगा काढला. गारद्याला तिसरा खेळाडू करू. संस्कृती तुर्क, रंग पिवळा, मंगोलांचा दोस्त. मित्रानं साफ नकार दिला. ‘वेगळा रंग कशाला? तो काय पाहुणा आला होता? भाऊंच्या फौजेतला माणूस आहे, भाऊंच्याच रंगात राहील.’ त्या वाक्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही.

मग त्याची तोफ दणकट करायची कशी? खेळणाऱ्यांनी शोधलेली एक युक्ती कुणीतरी इंटरनेटवरून वाचून आणली होती. एडिटरमध्ये ‘ट्रिगर’ असतात, त्यातला एक एखाद्या तुकडीचं नुकसान करतो. नुकसानीचा आकडा उणे टाकला की उलट तिची ताकद वाढते. बनवणाऱ्यांच्या मनातही नसेल असा हा वापर. आम्ही गारद्याच्या तोफांना उणे नुकसान दिलं आणि त्या लाल रंगातच ठेवल्या. दुसऱ्या डावात मी हरलो. तह मात्र एडिटरमध्ये करता येईना, म्हणून एका संदेशाच्या चौकटीत दौलताबाद वगैरे लिहून टाकलं.

पुढं हा गेम टिकला तोही असल्याच जुगाडांवर. एन्सेम्बल २००९मध्ये बंद झाली. नव्या विंडोजवर गेम लावला की गवत लाल-जांभळं दिसायचं, कारण तो २५६ रंगांवर चालणारा आणि विंडोजचा एक्सप्लोरर त्यात लुडबुड करायचा. उपाय चाहत्यांनी शोधला : टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररच बंद करा, मग खेळा. तोवर मी नांदेडला परतलो होतो. डेस्कटॉप गायब झालेला पाहून अम्मीनं कॉम्प्युटर बिघडवल्याबद्दल झापलं. नंतर चाहत्यांचाच ‘यूजरपॅच’ आला. त्यानं रुंद पडद्याची सोय केली, जुने दोष काढले. कुणाला यातून दमडी मिळत नव्हती.

त्यातल्याच काहींनी २०१२च्या अखेरीस ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ नावाची भर काढली, आणि तिच्यात पहिल्यांदा हिंदुस्थानी लोक आले. मायक्रोसॉफ्टनं २०१३मध्ये हेच काम अधिकृत विस्तार म्हणून विकायला काढलं. २०२२मध्ये ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’त त्या एका संस्कृतीच्या चार झाल्या : हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली, द्रविड. बाबरची मोहीम आली, हिंदुस्थान्यांना कारवान-सराय मिळाली, गुलाम नावाचे सैनिक मिळाले. दख्खन मात्र राहिलीच. बहमनी नाहीत, मलिक अंबर नाही, मराठेही नाहीत.

आमची फाइल त्या कॅफेच्या हार्डडिस्कबरोबर कधीच गेली. यंदा उन्हाळ्यात भाचा नांदेडला आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर नवा एडिटर उघडला. त्यानं विचारलं, ‘मामू, उदगीरवालों को क्या लेना? द्रविड के हिंदुस्थानी?’ मी म्हटलं, आधी खंदक काढ. पाणी भर. माणसांचं नंतर पाहू.