तळटीप १४ : जज मॉटली

१४. कॉन्स्टन्स बेकर मॉटली (१९२१–२००५). नागरी हक्कांच्या नामांकित वकील. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केलेल्या १० खटल्यांपैकी ९ जिंकले. मिसिसिपी विद्यापीठाचे दार जेम्स मेरेडिथला उघडून देणारा खटलाही त्यांनीच लढवला. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटर, मग मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंट. १९६६मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या संघीय न्यायालयावर नेमले (साक्षीपुरावे होतात ते हेच, अपिलाचे नव्हे). संघीय न्यायाधीशपदी आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. दक्षिणेतल्या सिनेटरांनी मंजुरी महिनोन्‌महिने अडवून धरली, यात नवल नाही. वर उल्लेखिलेला ‘लॉकर रूमचा निकाल’ १९७८चा : यँकी स्टेडियममध्ये खेळाडूंच्या खोलीत महिला पत्रकारांना मज्जाव करता येणार नाही. १९८२पासून मुख्य न्यायाधीश. १९८६नंतर ‘सीनियर’, म्हणजे पद कायम, काम हलके.