करडे ते पुणे: रोख्याचा हात कुठवर?

शिरूरकडे जाताना करडे गावाची पाटी दिसली की मला रोखे आठवतात. डिसेंबर १८७४ मध्ये इथे गावकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार टाकला. मे १८७५ मध्ये सुप्यात (तेव्हाचा भीमथडी तालुका, दौंडही त्यातच) लोकांनी कर्जरोखेच जाळले. १८५९ पासून दाव्याची मुदत ३ वर्षं, म्हणून सावकार व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. मग हुकूमनामा, जमीन जप्त, कुळाला कैदसुद्धा! १८७९ च्या कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा हिशेब उकरायला लावला, शेतकऱ्याची कैद बंद केली.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. रोखेधारकाचा हक्क कशावर? मिळकतकराच्या एस्क्रो खात्यावर. हप्ता चुकला तर दाद विश्वस्तामार्फत. जमीन नाही, माणूस तर नाहीच. वाचून बरं वाटलं बुवा.