खाडी कोणत्या रकान्यात?

दाभोळचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला एन्रॉन आठवते. तो प्रकल्प खरे तर खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. आमचे फक्त नाव गेले. औषधांच्या बाबतीत उलटे झाले. नाव दुसऱ्या गावाचे राहिले आणि पाणी आमच्याकडे आले. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायने, कीटकनाशके आणि औषधांचे मूळ घटक तयार होतात. तिथले सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रातून करंबवण्याजवळ खाडीत सोडले जाते. खाडीच्या मुखाशी दाभोळ.

देशाचा औषध उद्योग किती कार्यक्षम आहे, हे कसे मोजतात याचा मी काही वर्षे माझ्यापुरता अभ्यास करतो आहे. अर्थशास्त्राची पदवी गाठीला नाही, पण मूळ कल्पना समजायला ती लागतही नाही. १९५७ साली फॅरेल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ती मांडली. कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त उत्पादन काढणारे कारखाने निवडायचे, त्यांची एक सीमारेषा आखायची आणि बाकीचे त्या रेषेपासून किती मागे आहेत ते पाहायचे. १९७८मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी तिला गणिताचे सुटसुटीत रूप दिले. आपल्याकडच्या अभ्यासकांनी हीच पद्धत औषध कंपन्यांना लावली. एका बाजूला मजूर, भांडवल, कच्चा माल, वीज. दुसऱ्या बाजूला बहुधा विक्रीचे रुपये.

या रुपयांतच पहिली गोम आहे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली, ती देशाला पेनिसिलिन स्वस्त मिळावे म्हणून. उत्पादन रुपयांत मोजले की स्वस्त विकणारा आपोआप मागे पडतो. तो कारखाना पुढे आजारी पडला, त्याची कारणे अनेक आहेत. पण त्याने जे स्वस्त केले ते कोणत्याही रकान्यात जमा झाले नाही, एवढे खरे.

दुसरी गोम आमच्या दाराशी आहे. १९९२मध्ये रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने एक साधा हिशेब मांडला: एक किलो माल बनवताना किती किलो टाकाऊ पदार्थ निघतात? तेलशुद्धीकरणात ०.१ किलोहून कमी, अवजड रसायनांत १ ते ५ किलो, औषधांत २५ ते १०० किलो किंवा त्याहूनही जास्त. कारण औषधाचा रेणू अनेक पायऱ्यांनी घडवावा लागतो आणि प्रत्येक पायरीला द्रावके लागतात. शेल्डनने या हिशेबातून पाणी मात्र वगळले होते. खाडीकाठच्या माणसाला हे वाचून हसू येईल.

आता फॅरेलची रेषा आठवा. दोन कारखाने सारखाच माल काढतात. एक आपले सांडपाणी नीट शुद्ध करतो. त्यासाठी वीज, माणसे, रसायने खर्च करतो. दुसरा करत नाही. नेहमीच्या मोजणीत पहिला कमी कार्यक्षम ठरतो! साधने जास्त, विक्री तेवढीच. प्रामाणिकपणाला गुण कमी, अशी ही परीक्षा आहे. तोड नाही असेही नाही. १९९७मध्ये चुंग, फेअर आणि ग्रॉसकॉफ यांनी स्वीडनमधल्या कागद-लगदा गिरण्यांसाठी नकोशा उत्पादनाचाही हिशेब धरणारे माप तयार केले.

मग ते इथे लावण्यात अडचण कोणती? अडचण आकड्यांच्या मांडणीतच आहे. सामाईक केंद्रात सगळ्यांचे पाणी एकत्र होते आणि तिथून पुढे कोणाचा वाटा किती, हा प्रश्नच मिटतो. खाडीत मासे मेल्यावर भोई समाजाचे मच्छीमार तक्रार करतात, पंचनामा होतो, नमुने जातात. पण कोळंबी आणि कालवांचे जे नुकसान होते, त्याचे बिल फाडायला नाव सापडत नाही. भरतीला तेच पाणी पुन्हा वर चढते, ओहोटीला खाली येते.

सरकारकडे दोन्ही बाजूंची कागदपत्रे आहेत. कोणत्या कारखान्याने किती सांडपाणी सोडायचे, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेले असते. त्याच कारखान्याचे मजूर, वीज, विक्री वार्षिक उद्योग पाहणीत नोंदले जातात. मात्र तिथे कायद्यानेच कारखान्याचे नाव झाकलेले असते. एका कागदावर नाव आहे, दुसऱ्यावर हिशेब आहे, आणि ते दोन कागद एका टेबलावर येत नाहीत.